आधी खुशाली, मग ओटीपी

३ मार्च

प्रिय ठके,

तुझी तब्येत बरी असेलच. माझीही बरी आहे, फक्त तू ज्या ऑनलाइन दुकानात नोकरी करतेस त्या दुकानाच्या मते मी गरोदर आहे.

थट्टा करत नाही. काल सकाळी खिडकीत ऊन आलं होतं, समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाऱ्याने फुगत होत्या, आणि त्या बघून मला शाळेतली शिडाच्या होडीची एक कविता अर्धीमुर्धी आठवत होती. उरलेली अर्धी ओठांवर येणार तेवढ्यात फोन किणकिणला. 'खास तुमच्यासाठी' असं म्हणून तुमच्या दुकानाने मला बाळाची लाळेरी दाखवली. पुढे लिहिलं होतं की आता लवकरच लागतील. त्याच्याखाली केस गळू नयेत म्हणून लावायचं तेल. त्याच्याखाली डोंगर चढायचे बूट आणि दोर. मग बायकांचा पोहण्याचा पोशाख, मोठ्या मापाचा, आणि सोबत नाकाला लावायची चिमटी. सगळ्यात शेवटी घरच्या घरी ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र. ते मात्र मला पटलं. वरचं सगळं वाचल्यावर ते लागणारच.

आता माझी हकिकत तुला ठाऊक आहे. सगळा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेला, लग्न केलं नाही, डोक्यावर केस असे नाहीतच की गळावेत. तुमच्याकडून मी आजवर एकच वस्तू घेतली आहे, ती म्हणजे वाचायचं भिंग. तरी दुकान मला विसरत नाही. मला राग नाही आला, उलट भरून आलं. खाली 'तुमचा अभिप्राय' म्हणून चौकट होती, तिच्यात मी दोन ओळी रचून घातल्या:

मुख माझे तू कधि न देखिले, तरी ठेविसी ध्यान;
गुडघा वाजे, परी दाविसी डोंगरमाथी स्थान.

उत्तर आलं, 'धन्यवाद, आपली तक्रार नोंदवली आहे.'

पत्राचं खरं कारण पुढेच आहे. आज दुसरा निरोप आला. माझ्या खात्याची म्हणे पडताळणी सुरू झाली आहे. त्यातली कोणती माहिती माझी आणि कोणती नाही हे कळवायचं, नाहीतर खातं बंद. ठके, ते खातं बंद होऊ देऊ नकोस. त्या खात्यामुळे मला फोन येतात. नात्यातलं कुणी ना कुणी फोन करतं, 'मामा, ओटीपी आला का?' कुणी काका म्हणतं, कुणी दादा म्हणतं. मी भिंग लावून आकडे वाचून दाखवतो. त्यानिमित्ताने चार शब्द होतात. ते गेले तर या घरात दुधाच्या पातेल्याखेरीज आवाज करणारं कुणी उरणार नाही.

तू तिथे माहिती सांभाळणाऱ्यांची मुख्य आहेस. एक शब्द टाक.

तुझा मामा


११ मार्च

मामा,

वाकून नमस्कार. खरं तर मनातल्या मनातच, कारण ऑफिसातल्या खुर्चीला चाकं आहेत.

कागदावर लिहितेय कारण दुसरा मार्ग नाही. ऑफिसच्या मेलवर नातेवाइकाच्या खात्याबद्दल लिहायची आम्हाला बंदी आहे, आणि फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही, उरलेल्या अर्ध्यात तू कविता म्हणतोस.

आता शांतपणे वाच. मागच्या आठवड्यात आमची मोठी मीटिंग होती. ग्राहकांची माहिती किती घोळाची झाली आहे हे दाखवायला पडद्यावर एक खातं लावलं होतं, नाव झाकून. वय चौऱ्याहत्तर. बाळ होणार आहे. टक्कल पडतंय. डोंगर चढतो. पोहतो, बायकांच्या पोशाखात. रक्तदाबाची काळजी आहे. एकाच वेळी चार शहरांत राहतो. साहेबांनी विचारलं, हे काय प्रकरण आहे. आमचा तपासनीस, ज्याला आम्ही सगळे कडीकुलूप म्हणतो, तो अगदी गंभीरपणे म्हणाला की हे एकतर वसतिगृह असावं नाहीतर टोळी. सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसले, मामा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग घरी आले तर तुझं पत्र येऊन पडलेलं.

दुसऱ्या दिवशी मला कडीकुलुपासमोर उभं राहून सांगावं लागलं की ती टोळी माझे मामा आहेत. त्याने मान वर न करता विचारलं, सख्खे का.

तुला हे गमतीचं वाटतंय, पण नाही. कुणाचा पत्ता, कुणाचं माप, कुणाचं दुखणं, सगळं तुझ्या एका नंबराला बांधलेलं आहे. तुझा फोन ज्याच्या हातात पडेल त्याच्या हातात अख्खं घर पडेल. शिवाय जी माहिती ज्याची आहे ती त्याच्या नावावर असायला हवी, म्हणजे ती बघायचा, सुधारायचा, पुसून टाकायचा हक्क त्याला राहतो. आत्ता तो हक्क तुझ्याकडे आहे, आणि तू त्यावर कविता करतोस.

मी एक शब्दही टाकू शकत नाही. सख्ख्या माणसाच्या खात्यात मी हात घातला तर माझी नोकरी जाईल, आणि जायलाच हवी. तू दोन गोष्टी कर. आजपासून कुणालाही ओटीपी वाचून दाखवायचा नाही. आणि खातं कोण कोण वापरतंय ते मला कळव, म्हणजे मी एकेकाला आपापलं खातं उघडायला सांगते.

ठकी

ता. क. हे मुख्य म्हणून नाही, घरची म्हणून विचारतेय. लाळेरी कुणाची?


१८ मार्च

प्रिय ठके,

तुझं पत्र आल्यावर मी तुमच्या दुकानाचं गोपनीयता धोरण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं. त्याने विचारलं, हे कुणी वाचतं का. मी म्हटलं, आता वाचेल. खिडकीत बसून मोठ्याने वाचलं. पहिली पानं रुक्ष आहेत, पण मधला भाग, जिथे 'आम्ही गोळा करतो, आम्ही जपतो, आम्ही वापरतो' असं सुरू होतं, तो थेट पंपाच्या ठेक्यावर बसतो. पंप चालू असताना मी सगळ्या शालेय कविता अशाच म्हणायचो. आता एक परिच्छेद पाठ झाला आहे.

त्याच परिच्छेदात लिहिलं आहे की व्यक्तीच्या संमतीवाचून तिची माहिती तिसऱ्या व्यक्तीला दिली जाणार नाही. ठके, इथे तिसरी व्यक्ती म्हणजे तू. तेव्हा नावं सांगता येणार नाहीत. लाळेऱ्यांचंही नाही.

तू विचारलं नाहीस, पण हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. तुझ्या धाकट्या भावाच्या लग्नात, हात धुवायच्या नळापाशी, तू सगळ्यांना उभ्या उभ्या भाषण दिलं होतंस. दिसेल त्या दुकानाला आपला नंबर देत सुटू नका, असल्या कामांना एक वेगळा नंबर ठेवा, म्हणालीस. फार छान बोललीस. मग तू जेवायला गेलीस. सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं, आता वेगळा नंबर कुठून आणायचा. मी खांबापाशी एकटाच बसलो होतो.

आणि आंधळेपणाने वाचून दाखवतो असं समजू नकोस. माझा नियम आहे, आधी खुशाली, मग ओटीपी. कोण बोलतंय, मुलांचं काय चाललंय, पाठीचं दुखणं कसं आहे, हे झाल्याखेरीज मी भिंग उचलत नाही. पुष्कळदा त्या आकड्यांची मुदत संपते आणि दुसरे मागवावे लागतात. दुसरे येईपर्यंत परीक्षेचे निकालही कळतात.

पण तुझा हुकूम मानला. परवा एका व्यक्तीचा फोन आला, तिला मी ओटीपी नाकारला. कोण ते विचारू नकोस. ती व्यक्ती इतकी चिडली, म्हणाली की लहानपणी तुम्ही सगळे कालव्यात उड्या मारायचात तेव्हा काठावर बसून तुझे कपडे मी सांभाळायचे, आणि आज तू मला चार आकडे देत नाहीस. फोन आपटला. तेव्हापासून माझं जेवणावरही मन नाही.

मी नाव गाळलं आहे, हे लक्षात ठेव. धोरण पाळलं आहे.

मामा


२५ मार्च

मामा,

नाव झाकलं म्हणजे माणूस झाकला जात नाही. नवीन लागलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. एखादा एवढासा तपशील राहिला की माणूस पूर्ण उघडा पडतो. कालव्याच्या काठावर तुझे कपडे सांभाळणारी बाई जगात एकच आहे आणि मी तिच्या पोटची आहे.

म्हणजे आई तुझ्या खात्यातून काहीतरी मागवते, माझ्यापासून लपवून. काय मागवते? लाळेरी नाहीत, दोर नाही, पोहण्याचा पोशाख तर नाहीच, ती जन्मभर काठावर, केस तिचे माझ्याहून दाट आहेत. उरलं काय, ब्लडप्रेशरचं यंत्र. आणि आता मला सगळं जुळतंय. गेले काही महिने ती सकाळी फोन उचलत नाही. उशिरा उचलते तेव्हा धाप लागलेली असते. विचारलं तर म्हणते, फिरायला गेले होते. आवाजही बदलला आहे, सर्दी झाल्यासारखा. मामा, तिला काही झालंय का?

तुला एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या टेबलावर बसून तुझा नंबर टाकला की एका क्लिकमध्ये कोणत्या पत्त्यावर काय गेलं ते मला दिसू शकतं. काल दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी नंबर टाकला. शेवटचा आकडा टाकेपर्यंत मी मनात म्हणत होते की मुलीला एवढा हक्क असतोच. मग वाटलं, इथे लाखो लोकांची माहिती आहे आणि त्या प्रत्येकाला कुणीतरी मुलगी असेल. नंबर पुसला आणि सरळ कडीकुलुपाकडे गेले. त्याला सांगितलं की या खात्यापुरती माझी परवानगी काढून घे. त्याने 'का' असं विचारलं नाही. फक्त सही घेतली, दोनदा.

आता तूच राहिलास. मुख्य म्हणून नाही, मुलगी म्हणून विचारतेय.

आणि कडीकुलूप तुला पडताळणीसाठी फोन करणार आहे. जन्मतारीख, पत्ता आणि तू काय घेतलं होतंस, एवढंच विचारेल. एवढंच सांग. कृपा करून.

ठकी


२ एप्रिल

प्रिय ठके,

तुमच्या कडीकुलुपाचा फोन आला होता. फार गुणी मुलगा आहे.

आधी तो जरा ताठ होता. स्वतःचा हुद्दा सांगितला आणि म्हणाला, आपली जन्मतारीख सांगा. मी म्हटलं, सांगतो की, पण तू दुकानाचाच कशावरून? मला तुझ्या वरिष्ठांनी ताकीद दिली आहे की फोनवर कुणाला काही सांगायचं नाही. तो गडबडला. म्हणाला, मी खरंच तिथलाच आहे. मी म्हटलं, असशील, पण या घरात आधी खुशाली चालते. तेव्हा तुझं सांग. जेवलास का, इथपासून सुरू झालं.

जेवला नव्हता. का जेवला नव्हता त्याला कारण होतं. त्या कारणामागे दुसरं कारण होतं. ते त्याच्या घरातलं आहे, बरंच जुनं आहे, आणि त्याने ते बहुधा कुणाला बोलून दाखवलेलं नाही. मी मधूनमधून हं म्हणत होतो. एकदा तो गप्प झाला तेव्हा त्याला बरं वाटावं म्हणून मी त्या शिडाच्या होडीच्या कवितेतलं जेवढं आठवतं तेवढं म्हणून दाखवलं. पुढची ओळ त्यालाही येत नव्हती, पण त्याने परत म्हणायला लावलं. मग एकदम भानावर आला आणि नमस्कार करून फोन ठेवला. मला विचारायच्या तीन गोष्टी राहूनच गेल्या. त्याची मात्र सगळी माहिती माझ्याकडे आली. काय सांगितलं ते तुला कळवणार नाही, ती त्याची खासगी बाब आहे. त्याला एवढंच सांग की माझ्याकडे सुरक्षित आहे.

आता तुझ्या आईविषयी. ती खातं वापरते असं मी म्हटलेलं नाही, वापरत नाही असंही म्हणत नाही. कालव्याचं मागच्या पत्रात लिहिलं ती माझी चूक झाली. धोरण पाठ करणं निराळं आणि पाळणं निराळं, हे मला त्या दिवशी कळलं. पण तू घाबरून बसली आहेस हेही मला बघवत नाही. तेव्हा माझ्यापुरतं एवढंच सांगतो की मी तिचा भाऊ आहे आणि मला शांत झोप लागते.

तू तिला फोन कर. काय लपवतेस म्हणून विचारू नकोस, ती लहानपणापासून तशा प्रश्नाला उत्तर देत नाही. नुसतं विचार, आज सकाळ कशी गेली. आणि मग बोलू नकोस. तुला हे दुसरं जड जाईल.

मामा


१० एप्रिल

मामा,

कडीकुलूप त्या फोननंतर रडून लाल झालेल्या डोळ्यांनी आला आणि म्हणाला, पडताळणी अपुरी राहिली. त्याने अहवालात लिहिलं, 'ग्राहक खरा आहे. पुरावा नाही, खात्री आहे.' साहेबांनी ते वाक्य खोडलं. मग त्याने तुला परत फोन करून तिन्ही गोष्टी घेतल्या. म्हणाला की या खेपेला आधी जेवून बसलो होतो. आता तो चार दिवसांच्या रजेवर घरी गेला आहे. इतक्या वर्षांत त्याने रजा घेतलेली कुणाला आठवत नाही. तुला कारण ठाऊक असणार. मी विचारत नाही.

आईला फोन केला. तू सांगितलंस तेच विचारलं आणि गप्प बसले. किती जड गेलं ते तुला माहीत होतंच. तिने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "आज पहिल्यांदा खोल पाण्यात गेले."

मामा, ती पोहायला शिकतेय. घराजवळच्या तलावात सकाळची बायकांची तुकडी असते, तिच्यात ती सगळ्यात मोठी. धाप म्हणजे धाप, आणि सर्दीचा आवाज म्हणजे नाकाला तशीच राहिलेली चिमटी. मी ताबडतोब सुरू केलं की तुझं वय काय, गुडघे काय, फरशी निसरडी असते, आणि अर्ध्या वाक्यात थांबले. कारण याच भाषणाला भिऊन तिने लपवलं होतं. तिनेच सांगितलं तसं. म्हणाली, तुझ्या दुकानात माझ्या नावाने घेतलं असतं तर तुला कळलं असतं, म्हणून दादाचा नंबर दिला. म्हणाली की तुम्ही सगळी पोरं पाण्यात आणि ती काठावर कपड्यांवर नजर ठेवून, असे सगळे उन्हाळे गेले.

माझ्या आईला खोल पाण्यात जायचं होतं हे आमच्या दुकानाला कळलं, तिचं मापसुद्धा कळलं. मला नाही कळलं. दुकानाचं काय चुकलं? त्याने विचारलं नाही, नुसतं जमवलं. मी जमवलं नाही, पण विचारलंही नाही.

आता खात्याचा निकाल. साहेबांनी लिहून दिलंय. तुझं भिंग तेवढं तुझ्या नावावर राहील. बाकी सगळं तिथून काढायचं, आणि ज्याचं त्याने आपल्या नंबरावर नवीन खातं उघडायचं. तू नाही म्हणालास तर ते सबंध बंद होईल. दोन्हीकडून तुझे फोन जातातच. मी हे लिहिताना मुद्दाम खिडकीकडे बघतेय. मला दुसरं काही सुचलं नाही.

ठकी


१९ एप्रिल

प्रिय ठके,

तिने तुला स्वतः सांगितलं, म्हणजे संमती झाली. आता मी बोलायला मोकळा आहे आणि मला इतके दिवस किती कोंडल्यासारखं झालं होतं ते तुला सांगता येत नाही.

मी बघून आलो. दोन बस बदलून गेलो. बायकांच्या वेळेला पुरुषांना आत सोडत नाहीत, म्हणून बाहेरच्या जाळीपाशी बाकावर बसलो, आणि पाण्यात उतरण्याआधी तिने कपडे बदलून जाळीवरून आपली पिशवी माझ्या मांडीवर सोडली. आत तिची साडी, चष्मा आणि घड्याळ. म्हणाली, सांभाळ. मी सांभाळली, ठके. एकदासुद्धा जागचा उठलो नाही. जाळीतून निळं पाणी तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं. डोक्याला घट्ट पिवळी टोपी, नाकाला चिमटी, आणि हात असे मारत होती जणू कुणाची तरी खरडपट्टी काढतेय. पुढे फारशी सरकत नव्हती. पण बुडतही नव्हती. मध्यावर जाऊन तिने चिमटी सारखी केली आणि माझ्याकडे बघून हात हलवला, तेव्हा मी ती शिडाच्या होडीची कविता म्हणायला लागलो आणि शेजारच्या बाकावरचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

आता खात्याविषयी. साहेबांनी भिंग ठेवायला सांगितलं त्यांचे आभार. पण मी त्यांना लिहून कळवलं आहे की तेही नको, सगळंच पुसा. धोरणात तसा हक्क आहे.

कारण सांगतो. गेल्या आठवड्यात मी फोन न्हाव्याच्या दुकानात विसरलो. परत आणायला गेलो तर तो हसत म्हणाला, काका, तुमच्या लाळेऱ्यांवर सूट आहे. खुर्चीत तोंडाला साबण लावून बसलेला माणूसही हसला. त्यांनी काही वाईट केलं नाही, फोन आरशासमोर पडला होता आणि आपोआप उजळत होता. पण मी घरी येईपर्यंत घामाने भिजलो. ती लाळेरी कुणाची आहेत, किती वर्षांनी आहेत, घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, हे मला माहीत आहे. ते यंत्र कुणी घेतलं आणि बायकोला का कळू दिलं नाही, तेही माहीत आहे. ही सगळी मंडळी विश्वासाने माझ्याकडे आली, आणि मी त्यांना खिशात घालून केस कापायला गेलो. केस नसताना.

मला फोन यावेत म्हणून मी ते खातं धरून ठेवलं होतं. तेवढ्यासाठी त्यांना उघड्यावर ठेवणं बरं नव्हे. तुझं पहिलंच पत्र बरोबर होतं, मला ते न्हाव्याकडे कळलं.

खातं पुसलं गेल्याचा निरोप आला. त्यानंतर फोन वाजलेला नाही. एकदा वाजला तो चुकीचा नंबर होता. मी तरी त्याची खुशाली विचारली. त्याने ठेवून दिला.

मामा


२६ एप्रिल

मामा,

तुझं पत्र मी डब्यासोबत उघडलं आणि डबा तसाच परत आणला.

तुझ्यासाठी एक काम आहे. थट्टेने लिहीत नाही, धोरणाचं शेवटचं पान काढ. तू तिथवर वाचलं नसशील, कुणीच वाचत नाही. तिथे लिहिलं आहे की खातेदाराने स्वतःच्या खात्यात दुसऱ्यांची माहिती ठेवली असेल आणि ते खातं पुसलं गेलं, तर त्या दुसऱ्यांना तसं कळवणं ही खातेदाराची जबाबदारी आहे. दुकानाची नाही. तुझी. दुकानाचा छापील निरोप फक्त तुझ्या फोनवर आला, त्यांच्यापैकी कुणालाही गेलेला नाही. म्हणजे आज त्या मंडळींना ठाऊकच नाही की त्यांची माहिती आता कुठेही नाही.

कोण कोण ते मला माहीत नाही, तू सांगणार नाहीस. तेव्हा हे दुसऱ्या कुणाला करताच येणार नाही. एकेकाला स्वतः फोन कर. निरोप टाकून भागणार नाही, समोरच्याला कळलं याची खात्री करायची असते.

तू म्हणशील, कारण नसताना कुणाला कशाला त्रास. आईने मला सांगितलंय, तू कधीच कुणाला आपणहून फोन करत नाहीस, वाट बघत बसतोस. मामा, हे कारण आहे. लेखी आहे.

ठकी


४ मे

प्रिय ठके,

शेवटचं पान वाचलं. तू म्हणतेस तसंच आहे. भिंग लावून दोनदा वाचलं, कारण तू मला बरं वाटावं म्हणून काहीतरी रचलं असशील अशी शंका होती. माफ कर.

जबाबदारी म्हटल्यावर मी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसलो. पंपघरात असताना साहेब तपासणीला यायचे तेव्हा बसायचो तसा. आणि एकेकाला लावला.

पहिल्या व्यक्तीला वाटलं की मी आजारी आहे. नाही म्हटल्यावर विचारलं, मग पैसे हवेत का. तेही नाही म्हटल्यावर विचारलं, मग फोन कशाला. मी धोरणाचा परिच्छेद म्हणून दाखवला, तेव्हा हसली, आणि हसल्यावर बोलायला लागली. ज्या व्यक्तीची लाळेरी आहेत ती रडली, आनंदानेच, आणि म्हणाली की तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत ना. मी म्हटलं, सख्ख्या भाचीला नाही सांगितलं. यंत्रवाल्याला मी समजावलं की बायकोला सांगून टाक. त्याने सांगितलं की नाही ते विचारायला आठवडाभराने परत फोन करावा लागेल. हेही जबाबदारीतच येत असावं, तू शेवटचं पान नीट बघून कळव. डोंगरवाल्याचा फोन लागत नाही. तो डोंगरावर असेल. त्याला रोज लावतो.

तुझ्या आईला सगळ्यात शेवटी केला. तिचं तर तिला ठाऊकच होतं, पण नियम म्हणजे नियम, तिलाही रीतसर कळवायला हवं होतं. ती नुकती तलावावरून आली होती, केस पुसत असावी. मी सांगितलं की तुझी जी काही माहिती माझ्या खात्यात होती ती आता कायमची पुसली गेली आहे आणि तिची कुठेही नोंद उरलेली नाही.

ती म्हणाली, "एवढंच सांगायला फोन केलास?"

मी म्हटलं, हो, एवढंच.

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. तिच्याकडचा की माझ्याकडचा, कळत नव्हतं. मला वाटलं, आता ठेवेल.

मग म्हणाली, "बरं, ते झालं. आता बोल."

मामा